जावयाच्या गावी पाण्याची वसुली

लातूरकर माणसाने पाणी बघायला रजा काढली, तरी घरी कुणाला नवल वाटलं नाही. नळाची वाट बघण्यात आमच्या रजा जातातच. भोकरजवळच्या एका गावात माझा मामा पाणी समितीचा अध्यक्ष. 'येऊन बघ तरी' हा त्याचा कधीचा धोशा होता. शेवटी मे महिन्यात निघालो.

एसटी सकाळची पहिलीच गाठा. दुपारी खिडकीची सळईही भाजते. लोह्याला गरम भजी मिळाली, पाण्याची बाटली भज्यांपेक्षा महाग. नांदेडला गाडी बदलली.

मामानं ओढ्यातले खड्डे दाखवले. पावसाचं पाणी जमिनीत मुरावं म्हणून गावानं वर्गणी काढून खोदलेले. पाणी मुरलंही. थोडं इथल्या विहिरींना मिळालं, टँकर बंद झाला. बाकीचं जमिनीखालून खालच्या गावात गेलं. अडवलं यांनी, जिरवलं यांनी, उपसतात ते. आता खड्डे गाळानं भरलेत. पावसाआधी गाळ निघाला नाही तर पुन्हा टँकर. समितीकडे पैसे नाहीत आणि खालच्या गावानं निम्मा खर्च उचलल्याशिवाय मामाचं गाव दमडी द्यायला तयार नाही.

"मग मागा की," मी म्हणालो.

"कसं मागू? तिथला सरपंच माझा जावई हाय."

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवरून वसुलीला निघालो. लेकीकडे रिकाम्या हातानं जात नाहीत, म्हणून वसुली करणाऱ्यानंच आधी केळी, पेढे आणि जावयाला टॉवेल घेतला.

जावयाच्या विहिरीवर मोटार धो धो चालू होती. मामेबहीण सुनंदानं पाण्याचे तांबे आणले. मी गटागटा प्यायलो. मामानं हात लावला नाही. लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही रीत. सुनंदाला अजून मूल नाही. कोरड्या घशानं मामा जावयाशी लग्नसराईवर बोलला, कापसाच्या भावावर बोलला, खर्चाचं नाव काढेना. मला त्याचा रागच आला.

शेवटी सुनंदाच म्हणाली, "बाबा, कशाला आलात ठाऊक हाय मला. हे तुमच्याच खड्ड्यातलं पाणी हाय, परकं न्हाई. प्या, अन् मागा."

मामानं तांब्या उचलला, रिकामा करूनच खाली ठेवला आणि मिशा पुसत म्हणाला, "पाव्हणं, गाळाचा निम्मा खर्च तुमच्या गावाचा."

"एवढंच व्हय, मामा?" जावई म्हणाला. "मला वाटलं, सगळाच मागताय."

लातूरला परतलो तेव्हा नळ कोरडाच होता. काही दिवसांनी मामाचा फोन आला.

"गाळ निघाला. दोन्ही गावांनी पैसे भरले. पण समितीनं मला अध्यक्षपदावरून काढलं."

"का?"

"लेकीच्या घरी पाणी पेलो म्हणून. म्हणतात, अध्यक्षाला रीत कळत न्हाई."

मला हसू आवरेना. "वाईट वाटतंय का?"

"न्हाई. तिच्या लग्नापासून त्या तांब्याकडं नुसतं बघून राहिलो होतो," मामा म्हणाला. "लई गोड हाय रे पाणी."