भाजीच्या खात्यातील किमान शिल्लक

घरात वस्तू असणे आणि ती घरातल्यांची असणे, यांतले अंतर नेमके कोठे सुरू होते? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अजून कोणालाच देता आलेले नाही. डोंबिवलीच्या सीताराम भालेरावांना मात्र तो कधी पडलाच नाही. त्यांची उभी हयात औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कंपनीच्या भांडारात गेली होती, आणि भांडारात वस्तू कोणाचीच नसते.

निवृत्तीनंतर महिनाभरात त्यांनी घरखर्चाचा कारभार पत्नी केशरबाईंकडून रीतसर ताब्यात घेतला. केशरबाई इतकी वर्षे अंदाजाने घर चालवीत आल्या होत्या आणि ते चालत होते, याचेच सीतारामांना वैषम्य वाटे. भांडारात त्यांचा एकच नियम असे: प्रत्येक मालाचा किमान साठा ठरवायचा आणि काही झाले तरी त्याला हात लावायचा नाही. तो आता तूरडाळीला लागू झाला. डब्यातल्या शेवटच्या दोन किलो डाळीकडे केशरबाईंनी फक्त पाहायचे होते. महिन्याभराचा स्वयंपाक पहिल्या तारखेलाच ठरू लागला. बाजारात मेथी कवडीमोलाने मिळो, मंगळवारी भेंडीच.

मग त्यांनी बँकेकडे मोर्चा वळवला. किराणा, भाजी, औषधे आणि गया अशी चार स्वतंत्र खाती दोघांच्या नावे उघडली. चौथ्यात केशरबाईंचे शिवणकामाचे पैसे होते; विहारातल्या बायकांबरोबर डिसेंबरात बुद्धगयेला जायचे म्हणून साठवलेले. प्रत्येक खात्यात ठरावीक सरासरी शिल्लक ठेवावी लागेल, असे बँकेने सांगितले, तेव्हा सीतारामांना जन्मभर हुलकावणी देणारा समविचारी अखेर भेटल्यासारखे झाले.

मात्र एका घराचे उत्पन्न चार ठिकाणी विभागल्यावर ते कोठेच पुरेना. भाजीच्या खात्याला दंड बसला. दंड बसल्याचे कळवणाऱ्या संदेशाचेही शुल्क कापले गेले. सीतारामांनी तातडीने भाजी बंद केली. सप्टेंबरभर घरात पिठले शिजत राहिले आणि भाजीचे खाते चांगले बाळसे धरू लागले.

ऑक्टोबरात विहारातल्या महिला मंडळाच्या तुळसाताई दारात उभ्या राहिल्या.

"जयभीम भाऊ. केशरताई, उद्या तिकिटं काढतेय. पैसे आजच दे बाई, दिवा गावची मंजुळा तुझ्या जागेवर टपून बसलीय."

"महिनाअखेरपर्यंत थांबा," सीताराम म्हणाले. "आत्ता काढले तर सरासरी कोसळेल."

"कोसळू दे की! कुणाच्या डोक्यात पडणारेय?"

"अहो, पण पैसे आहेत ना खात्यात?" केशरबाईंनी विचारले.

"आहेत. पण ते किमान आहेत."

केशरबाईंनी क्षणभर नवऱ्याकडे निरखून पाहिले आणि चपला पायांत सरकवल्या. "चल गं तुळसा."

बँकेतल्या ऐश्वर्याने संगणकात पाहून मान हलवली. "काकू, सगळे काढलेत तर पुढच्या महिन्यात चार्ज लागेल."

"लागू दे. रिकाम्या खात्यातून काय नेणार?"

"काका चिडणार नाहीत ना? सही तुमच्या एकट्यांचीच आहे."

"दोघांतल्या कुणाचीही चालेल, असं त्यांनीच लिहून दिलंय. एक किल्ली हरवली तर दुसरी असावी म्हणे." मग जरा विचार करून त्या म्हणाल्या, "भाजीचेही काढ गं."

गयेचे पैसे तिथेच तुळसाताईंच्या पिशवीत गेले. उरलेल्यांतून मेथीच्या जुड्या आल्या, वांगी आली, आणि कोणत्याही तक्त्यात नसलेली शेवग्याची शेंग आली. जेवताना सीताराम गंभीरपणे म्हणाले, "पद्धत मोडली." दुसऱ्यांदा शेवग्याची आमटी वाढून घेताना त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितले. केशरबाई म्हणाल्या, "बोला तुम्ही. आमटी किमान नाहीये, भरपूर आहे."

केशरबाई डिसेंबर २०२२ मध्ये बुद्धगयेला जाऊन आल्या. एप्रिल २०२४ मध्ये सीताराम इमारतीच्या सोसायटीचे खजिनदार म्हणून बिनविरोध निवडून आले. वर्षअखेरीस सोसायटीची पाच बँक खाती होती.