पिठाच्या डब्याखालची वही

हे मी अजून कुणापाशी बोलले नाही. वार्डनताईंपाशी तर नाहीच. त्यांनी मला थारा दिला, त्यांचे उपकार मोठे आहेत— म्हणूनच बोलले नाही, असं स्वतःला सांगत आले. पण ते खरं आहे का?

मी दुसरीत शाळा सोडली. नवरा गेल्यावर देगलूरच्या पलीकडचं गाव सोडून, लेकीला, रेणूला घेऊन लातूरला आले. क्लाससाठी आलेल्या मुलींच्या होस्टेलात मेसचं काम होतं, राहायला खोलीही होती. फक्त रोज हजेरी लिहायची— कोण जेवलं, कोण गावाला गेलं. ताईंनी विचारलं, किती शिकलात? मी म्हणाले, दहावी.

वाचवलं रेणूनं. आठ वर्षांची होती. एका जुन्या वहीत तिनं माझ्यासाठी खुणा काढल्या. गाव ज्यासाठी नावाजलेलं, तीच खूण— देवणीच्या पोरीला गाय, अर्धापूरच्या पोरीला केळीचा घड. गायीच्या पाठीवर रेघ म्हणजे गावाला गेली. घडाखाली ठिपका म्हणजे उपास. पोरी बदलल्या की ती जुन्याच खुणा जोडून नवी खूण करायची. दिवसभर मी खुणा करायची, शाळेतून आली की ती रजिस्टरात अक्षरं उतरवायची. वर्षभर कुणाला पत्ता लागला नाही.

मग तिच्या शाळेत हुशार मुलांच्या वेगळ्या वर्गासाठी परीक्षा झाली. निकाल काठावर आला. म्हणून एक सर घरी बघायला आले. भला माणूस. जमिनीवर बसले, चहा घेतला, "मावशी, होस्टेलच्या पोरी चहासाठीच इथं राहतात काय?" म्हणाले. मग हळू विचारलं,

"पेपरात दिसत नाही ते घरी दिसतं कधी कधी. स्वतःच्या डोक्यानं काही केलंय का हिनं? काहीही चालेल."

वही पिठाच्या डब्याखाली होती. सर येणार म्हणून सकाळी मीच सरकवली होती— हे कसं लिहू? रेणू दारात उभी होती. तिनं डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काई न्हाई सर," मी म्हणाले. "सांगितलं तेवढं करते. लई साधी हाय."

"मग उगीच ओझं नको टाकायला," सर म्हणाले, आणि कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला वाचता आलं नाही.

नोकरी गेली असती का? ताईंनी कदाचित ठेवूनही घेतलं असतं. मी विचारून पाहिलंच नाही. भीती होती, पण त्याहून जास्त लाज होती— लेकरानं आईला खुणा शिकवल्या, हे त्या माणसासमोर उघडं पडायची लाज.

दुसऱ्या दिवशी होस्टेलात एक नवी पोरगी आली. रेणूनं वही ओढली, तिच्यासाठी खूण काढून दिली. सर येण्याआधी ती दिवसभर हे असं का, ते तसं का, डोकं खायची. ते हळूहळू थांबलं. कधी थांबलं, ते माझ्या ध्यानातही आलं नाही.

पुढं मला अक्षरंही तिनंच शिकवली. त्याच अक्षरांनी हे लिहून राहिले.

आता ती नांदेडला कापडाच्या दुकानात आहे. मागच्या महिन्यात भेटायला गेले, तर मालक कौतुकानं म्हणाला, "तुमची पोरगी लई चांगली हाय, मावशी. सांगितलं तेवढं करते. उलटून एक शब्द विचारत न्हाई."

रेणू ठाणाची घडी घालत होती. तिनं ऐकलं. मी मान डोलावली.