हा हॉल अण्णांनी काढलेला नाही

मेलेला माणूस ‘नाही’ म्हणू शकत नाही, हे जालन्यातल्या एका बिल्डरला बरोबर कळलंय.

आज अण्णांना, माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष झालं.
देवळं, गढ्या, बारवा आणि पोटासाठी नव्या इमारती. जन्मभर मोठ्या फिल्मच्या लाकडी कॅमेऱ्यावर फोटो काढले त्यांनी.

सकाळी या बिल्डरने श्रद्धांजलीची पोस्ट टाकली. अण्णांचा हसरा चेहरा, शेजारी त्याच्या नव्या फ्लॅटचा हॉल. खाली ओळ : ‘अण्णांच्या नजरेतून आमचा प्रोजेक्ट.’



तो फोटो अण्णांचा नाही. खात्रीने सांगते. अण्णा तो हॉल काढायला गेले, त्या दिवशी कॅमेऱ्यावरचं काळं कापड धरून मी तिथंच उभी होते.

अण्णांकडे वाइड लेन्स दोनच. नव्वद मिलिमीटरची, आणि तिच्याहून रुंद दाखवणारी पासष्टची.
कुठली कधी लावायची, हे त्यांनी मला आमच्या स्वयंपाकघरात शिकवलं. आईला ओट्यापाशी, फोटोच्या अगदी कडेला येईल अशी उभं करून.

पासष्ट लावली की कॅमेऱ्याच्या काचेवर आई उलटी दिसायची. आणि दीडपट रुंद.
“माझा फोटो काढून राह्यले का म्हशीचा?” मी ते सांगितलं की आई तिथूनच म्हणायची.
“बघ बेटा,” अण्णा म्हणायचे, “खोली मोठी झाली आन् आई बी. दोन्ही खोटं.”

“म्हणजे पासष्ट वाईट?”
“वाईट न्हाई. बारवेत मागं सरकायला जागाच न्हाई, तिथं तीच लावायची. उंची घ्यायला लेन्स वर सरकवली की फोटोचे कोपरे काळे पडतेत, तेवढं सांभाळायचं. पण घर मोठं दाखवाया लावली, तर ती लबाडी.”

मग त्या हॉलचा दिवस. अण्णांनी दारात तिपाई लावली. नव्वद चढवली. काचेवर भिंती सरळ उभ्या केल्या.
बिल्डर शेठने बघायला कापडात डोकं घातलं.

“एवढुसा? अहो अण्णा, याच्यात सोफा बी बसत न्हाई.”
“बसतच न्हाई, शेठ.”
“मंग ती दुसरी लावा ना, रुंदवाली.”

अण्णांनी तिपाई मिटली. “चल बेटा.”

आम्ही सामान भरत होतो, तेव्हा शेठने स्वतःच्या मोबाइलवर अगदी वाइड करून फोटो काढला. कोपऱ्यातली रंगाची बादली त्यात परातीएवढी पसरलीय.
तीच बादली आज अण्णांच्या नावाखाली आहे.

दुपारी धावडा गावाहून मामाचा फोन.
“पोरी, तो फ्लॅट घेऊन राह्यलो. उद्या बुकिंग.”
“मामा, जाऊन पाहिलात का?”
“पाह्याचं काय त्यात? दाजीनं काढलेला फोटो हाय. दाजी बिलकुल खोटं दाखवत न्हाई.”



“मामा, तो त्यांनी काढलेला नाही.”
“मंग नाव कशाला टाकलं?”
“तुम्हाला असं वाटावं म्हणून.”

मी बिल्डरला फोन केला. नाव काढा म्हटलं.
“ताई, आम्ही इज्जत दिली अण्णांला. तुम्ही उगं मनाला लावून घेऊन राह्यल्या. लोकं शेअर करून राह्यले, आता कसं काढू?”

इज्जत!
जिवंतपणी जे मिळालं नाही, ते माणूस गेल्यावर उचलायचं आणि वर इज्जत म्हणायचं. किळस येते.

घर वाईट आहे असं मी म्हणत नाही. बांधकाम चांगलं असेलही, मला त्यातलं कळत नाही.
तो हॉल तेवढा मोठा नाही, एवढंच मला ठाऊक आहे.

उद्या मामा येतायत. आम्ही दोघं जाऊन त्या दारात उभे राहणार आहोत. मग घ्यायचं की नाही, ते त्यांचं ते ठरवतील.
अण्णांचं नाव वाचून आणखी कुणी निघालं असेल, तर कृपा करून आधी जाऊन बघा. माझा फोन चालू आहे.

अण्णा, वर्षभर रडून झालं. आज नुसता राग आहे, तोही तुमच्यासाठीच.
नमस्कार करते.