वाक्याखाली नाव हवं

कोशाच्या ऑफिसात कसले आलेत किस्से, असं मलाही वाटायचं. आता इतके साठलेत की ऐकायला माणूस हवंय! घरी मंदार, म्हणजे माझा नवरा, नुसतं 'हं' म्हणतो. म्हणून तुम्हाला सांगते.

ऑफिस म्हणजे मुलुंडच्या सोसायटीतलं वन रूम किचन. माणसं तीन: अभ्यंकर सर, कदमताई आणि लग्नानंतर तिथे लागलेली मी. आम्ही इंग्रजी-मराठी कोश करतोय. सरांच्या टेबलावर एक जुना, जाडजूड इंग्रजी कोश असतो. त्यात प्रत्येक अर्थाखाली कुणा लेखकाचं वाक्य, आणि खाली त्याचं नाव. सरांचा हट्ट, आपलाही अस्साच हवा!

*

पहिल्याच दिवशी मी त्यात 'स्पून' उघडला. खाली कुणा कवीच्या चार ओळी, त्यात बायको वारलेली.

"ताई, यात चमचा कुठाय?"

कदमताई मालवणच्या. "आसतलो खंयतरी! रडान झाल्यावर चाय ढवळूक लागता ना!"

*

सुरुवातीला मी वाक्यं मनानंच रचायचे. एक दिवस सरांनी बोलावलं.

"'डोअर', तिची नजर दाराकडे होती. 'क्लॉक', तिनं पुन्हा घड्याळ पाहिलं. 'कोल्ड', पोळ्या गार झाल्या. कोण हो ही बाई?"

"काल्पनिक आहे, सर."

"मग तिला जरा बाहेर फिरवून आणा!"

तेव्हापासून नियम झाला. वाक्य छापलेलं हवं, नाहीतर कुणीतरी खरोखर बोललेलं. खाली नाव मस्ट. मग ती चिठ्ठी त्या शब्दाच्या पाकिटात.

*

नियमाचा पहिला बळी प्लंबर. सिंकखाली वाकून तो म्हणाला, "साहेब, हा पाइप गळत नाय, रडतोय!"

सर चिठ्ठी घेऊन धावले. "वा! तुमचं पूर्ण नाव सांगा."

कंप्लेंट करतायत असं वाटून तो पान्हा टाकून पळाला. आम्ही दोन दिवस बादल्या भरत होतो.

*

कदमताईंनी सासूबाईंची अकरा वाक्यं आणली. छापण्यासारखं एकच निघालं. तेही त्या कुत्र्याला म्हणाल्या होत्या!

*

माझ्या वाट्याला 'स्पीक' आला.

रविवारी दुपारी चिठ्ठी आणि पेन घेऊन मी मंदारसमोर बसले. दहा मिनिटांनी त्याची मोबाइलवरची नजर वर झाली.

"काय करतेयस?"

"तू बोलशील ते लिहून घेणार आहे. ऑफिससाठी. तुझं नाव छापून येईल."

"काहीपण चालेल?"

"काहीपण. फक्त माझ्याशी बोल."

त्यानं मोबाइल चक्क उलटा ठेवला. नीट मांडी घातली. माझ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे, मग परत माझ्याकडे. खूप मनापासून विचार करत होता बिचारा. मी पेनचं टोपण काढून बसले होते.

शेवटी म्हणाला, "काय बोलू?"

मी लिहून घेतलं. खाली त्याचं नाव घातलं.

सोमवारी सर खूश. "क्या बात है! अर्थ लगेच पोचतो. पास!"

कदमताईंनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग 'स्पीक'च्या पाकिटातून काढली आणि 'हजबंड'च्या पाकिटात टाकली.