सळई खाली जातच राहिली
गटार उपसलं की काळ्या चिखलाचा वास येतो आणि मला तो नालायक कंत्राटदार आठवतो. अंधेरीत खाडी बुजवून केलेल्या प्लॉटवर सहा फूट खणून तो पाया भरायला निघाला होता. मी नवीन इंजिनीअर. खड्ड्यात सळई दाबली, तर ती लोण्यात शिरावी तशी खाली जातच राहिली. "कातळापर्यंत पाइल, काँक्रीटचे खांब, उतरवावे लागतील," मी म्हणाले. "शेजारची बिल्डिंग सहा फुटांच्या पायावरच उभी आहे ना?" तो म्हणाला. "तिच्याखाली कातळ आहे." "मॅडम, शहाणपणा नको. सही करा, नाहीतर उद्यापासून येऊ नका." परवा तिथून गेले. शेजारची बिल्डिंग ताठ आहे. आमच्या बिल्डिंगच्या भेगांत बोटं जातात. त्याला मी अजून शिव्या घालते. तेव्हा मात्र निमूट सही केली होती.