हायपोचं विरजण

टाकी पूर्ण थंड झाली होती आणि आत एकही खडा पडला नव्हता. नुसतं पाणी.

दिवाळीनंतरची ती पहिली बॅच. नव्वदच्या दशकात मी सुरतेजवळ इच्छापोरच्या एका कारखान्यात प्रॉडक्शन मॅनेजर होते. आम्ही हायपो बनवायचो. कापड ब्लीच केलं की त्यात क्लोरीन उरतं आणि धागा कुजवतं. हायपो त्या क्लोरीनचा बंदोबस्त करतो. कडोदऱ्याच्या जयंतीभाईंच्या ब्लीचिंग हाऊसमध्ये लग्नसराईचं कापड अडकलं होतं. उद्या माल नाही मिळाला तर कायमचा दुसरीकडून घेईन, असं त्यांनी बजावलं होतं. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक.

मालक रमणिकभाई म्हणाले, "मॅडम, बॅच बिघडली. सोडा गटारात."

"बिघडली नाही. अडून बसली आहे."

हायपोचा स्वभावच तसा. गार झाल्यावर त्याला स्फटिक व्हायचं असतं, पण सुरुवात कशावर करायची ते सापडत नाही. एखादा जुना कण लागतो. एरवी टाकीच्या कडांना तो असायचाच. आज का नव्हता?

मी ऑपरेटर सुकलालना विचारलं. ते धुळ्याकडचे. छाती फुगवून म्हणाले, "बाई, टाकी मी सोता घासी शे. दिवाई व्हती ना! एक कन बी ठेवा नही!"

गोडाऊनही त्यांनी तसंच लख्ख केलं होतं. जुना माल दिवाळीआधीच संपलेला. आख्ख्या कारखान्यात चिमूटभर हायपो नव्हता.

"मग ढवळा जोरात," रमणिकभाई म्हणाले.

"मुळीच नाही. इतक्या गार झालेल्या टाकीला धक्का बसला तर सगळं एकदम गोठेल. ढवळणी आत रुतून मोडेल. आधी टाकी कोमट करा. मी कण घेऊन येते."

"कुठून?"

"जयंतीभाईंकडून."

त्यांनी कपाळावर हात मारला.

जयंतीभाईंकडे ड्रमच्या तळाशी थोडा हायपो शिल्लक होता, आमचाच. मी खरं काय ते सांगितलं आणि वाटीभर मागितला.

"मॅडम, तमे माल आपवा आव्या के लेवा?" माल द्यायला आलात की न्यायला, असं ते ओरडले. त्यांचे कामगार हसायला लागले.

"घरी दूध आहे, विरजण नाही. शेजारीच मागणार ना?"

"अच्छा, मेळवण!" विरजणाला गुजरातीत मेळवण म्हणतात. त्यांनी ड्रम खरवडून स्वतः वाटी भरली. "पण दही उद्या सवारे जोईए."

परत आले तोवर टाकी कोमट झाली होती. जास्त गरम असती तर कण विरघळले असते. वाटी ओतली, ढवळणी अगदी हळू ठेवली आणि टाकीच्या बाहेरून थंड पाणी बेताबेतानं सोडायला लावलं. घाई केली असती तर पीठ झालं असतं. सुकलाल टाकीच्या काचेतून पाहत होते. दुपारी ते नुसतंच म्हणाले, "बाई, उनात!" म्हणजे खडे आले.

सकाळी वाटाण्याएवढे स्वच्छ खडे टेम्पोत भरले. जयंतीभाईंचं कापड वेळेत निघालं आणि गिऱ्हाईक टिकलं.

पुढच्या दिवाळीला सुकलालनी टाकी पुन्हा आरशासारखी घासली. पण त्याआधी हायपोचा एक डबा भरून ऑफिसातल्या लक्ष्मीच्या फोटोपाशी ठेवला. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, मलासुद्धा.

मी निवृत्त होईपर्यंत जयंतीभाई दर दिवाळीला फोन करायचे. शुभेच्छा नंतर. आधी प्रश्न: "मॅडम, मेळवण राख्युं छे ने?"