आरगॉननं मावशीला पाडलं कसं

दुधाच्या टाक्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे तिला मावशीच म्हणत. स्टीलच्या पत्र्याला वेल्डिंग करावं ते तिनंच. तापलेल्या जोडाला हवा लागली की तो काळा पडतो, म्हणून टाकीत आधी आरगॉन वायू सोडायचा. लग्नाच्या आधीपासून ती हेच करत आलेली.

त्या दुपारी जोड आतून कसा आलाय ते बघायला ती टाकीचं झाकण उघडून कमरेपर्यंत आत वाकली. पुढचं तिला आठवतं ते एवढंच, की ती फरशीवर आडवी आहे आणि शेजारी काम करणाऱ्या फिटरनं तिच्या कमरेचा पट्टा घट्ट धरलाय.

"सोड मला. काय चाललंय तुझं?"

"मावशी, तुम्ही बेशुद्ध पडला होता. ओढून काढलं मी."

"मी नुसती बघत होते."

ना वास, ना खोकला, ना डोळ्यांची चुरचुर. हा थापा मारतोय असं वाटून तिनं त्याला चारचौघांत झापलं. मग कपाळाला हात लागला, तर हे भलंमोठं टेंगूळ. ते कधी आलं?

संध्याकाळी ती भाचीकडे गेली. भाची कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

"आरगॉन कुणाच्या अध्यात ना मध्यात," भाची म्हणाली. "बाहेरच्या कक्षेत इलेक्ट्रॉन पुरेपूर भरलेले. कुणाकडून घेणं नाही, कुणाला देणं नाही. हेलियम, निऑन, झेनॉन, सगळे तसलेच."

"मग मला पाडलं कुणी?"

"तो हवेपेक्षा जड. टाकीत बसून राहिला, प्राणवायूला जागाच उरली नाही."

"पण जीव घुसमटायला हवा ना?"

"घुसमटतो तो मुख्यतः आपल्याच श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठला की. तो तर बाहेर पडत होता. शरीराला पत्ताच लागला नाही."

मावशीनं कपाळावरचं टेंगूळ चाचपलं. भाचीला राहवलं नाही. "झेनॉन मात्र फ्लोरिनशी जोडला जातो हं."

"आत्ताच म्हणालीस ना, कुणाशी देणंघेणं नाही?"

"म्हणजे... सहसा नाही."

मावशी आणखीच गोंधळून घरी गेली.

सकाळी तिनं फिटरला गाठलं. "मला अजून काही आठवत नाही. पण ओढलंस ते बरं केलंस."

मालकाच्या मागे लागून तिनं प्राणवायू मोजायचा, तो कमी पडला की वाजणारा मीटर मागवला. पहिल्यांदा तो दोरीनं टाकीत सोडला, तसा किंचाळायला लागला. मावशी लांब उभी राहून बघत होती. टाकी स्वच्छ, चकचकीत, अगदी रिकामी दिसत होती.